'खासगी वापर', 'सूट' आणि 'मुभा'

प्रश्न
आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी कॉपीराइट कायद्यावर चार पानी पत्रक लिहिते आहे. १९५७च्या कायद्यातल्या ५२व्या कलमाशी, म्हणजे कोणत्या कृती कॉपीराइटचं उल्लंघन ठरत नाहीत ते सांगणाऱ्या कलमाशी, अडले. अभ्यासासाठी कोणी चार पानं झेरॉक्स केली, तर त्याला 'खासगी वापर' म्हणावं का? आणि शिक्षक-विद्यार्थ्यांना जे करता येतं त्याला 'सूट' चालेल?

उत्तर
ताई, 'खासगी' टाळा. 'खासगीत बोलू' म्हणताना त्याचा जुना अर्थ अजून जिवंत आहे, पण खासगी शाळा, खासगी बस, खासगी क्लास या शब्दांत तो 'सरकारी नसलेला' एवढाच उरतो. उद्या एखादा क्लासचालक अख्खं पुस्तक छापून विकेल आणि पत्रक दाखवून म्हणेल, हा खासगीच वापर! 'स्वतःपुरता वापर' लिहा. 'पुरता'मध्ये मर्यादा आपोआप येते. कायद्याने संशोधनही यातच धरलं आहे, तेवढं जोडा.

दुसरं उत्तर
'सूट'ला माझा ठाम विरोध. फीमध्ये सूट मिळते, करात मिळते. म्हणजे देणं असतंच, कोणीतरी ते सोडून देतं. ५२वं कलम तसं बोलत नाही. त्यात सांगितलेल्या कृती उल्लंघन नव्हेतच, असं ते म्हणतं. त्यासाठी आपल्याकडे 'मुभा' आहे. मूळ अरबी 'मुबाह', म्हणजे ज्याला मनाई नाही असं. 'अपवाद' शास्त्रीय लेखनात ठीक, पण पत्रक वाचणाऱ्या मुलीला आपण काही चोरून करतोय असं वाटू नये.

आणखी एक. शिक्षक किंवा विद्यार्थ्याने 'वर्गात' केलेली प्रत, असं लिहू नका. कायद्यात 'in the course of instruction' असं आहे, आणि याच शब्दांवर दिल्लीत मोठा खटला झाला. तीन परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला. पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून मुलांना दिली जात होती. शिकवणं म्हणजे वर्गातला तास, एवढाच अर्थ प्रकाशकांना हवा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो मानला नाही, आधी एका न्यायमूर्तींनी, मग खंडपीठाने. तासाच्या आधीची तयारी आणि नंतरचं वाचनही शिकवण्यातच येतं. पूर्वी मुलं ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेत. यंत्र आलं म्हणून त्या कृतीचं स्वरूप बदलत नाही, हा एकल न्यायमूर्तींचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. पुस्तक विकत घेणं न परवडणाऱ्यांचं शिक्षण त्याच्यावर उभं आहे. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

म्हणून 'अध्यापनाच्या ओघात' लिहा. ओघ तास संपला म्हणून थांबत नाही.

प्रश्नकर्ती
'ओघ' फार आवडला! आता वाक्य असं केलं आहे: 'अध्यापनाच्या ओघात शिक्षकाला व विद्यार्थ्याला प्रत काढण्याची मुभा आहे; पुस्तकावर "सर्व हक्क राखीव" छापलेलं असलं तरी.' पुढे 'उताऱ्यांचं संकलन करता येतं' असंही आहे.

दुसरं उत्तर
पहिलं वाक्य तसंच ठेवा, फक्त 'गरजेपुरती प्रत' म्हणा. खंडपीठाने कसोटी तीच लावली: शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं.
संकलनाचं वाक्य मात्र वेगळ्या परिच्छेदात न्या. पाठ्यपुस्तक म्हणून छापून प्रसिद्ध करायचं असेल तर नियम निराळा आणि कडक आहे. संग्रहातला बराचसा मजकूर कॉपीराइटमुक्त हवा, आणि एकाच लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे त्याच प्रकाशकाला पाच वर्षांत छापता येत नाहीत. तिथे 'संकलन' नको, 'छापील उतारासंग्रह' लिहा, म्हणजे झेरॉक्सच्या गठ्ठ्याशी गल्लत होणार नाही.