कम्युनिटी रेडिओ: पैसा टॉवरला की माणसाला?

फेडर_खाली
परवापासून एक पोस्ट फिरतेय. सीएसआरमध्ये (कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा निधी) मुरलेल्या कुणाची तरी असावी. म्हणणं असं: कम्युनिटी रेडिओला, म्हणजे गावाने गावासाठी चालवलेल्या छोट्या केंद्राला, यंत्रं द्या, टॉवर द्या, पण गावातल्या पोरापोरींच्या 'प्रशिक्षणा'वर रुपया घालू नका. पाच दिवसांची कार्यशाळा होते, प्रमाणपत्रं वाटताना फोटो निघतात, वर्षभरात मुलं पुण्याला जातात, मुलींची लग्नं होतात, पैसे पाण्यात. खाली अंगठ्यांची रांग.

कार्यशाळा वाया जातात हे खरं. पण का जातात ते पोस्टकर्त्याने पाहिलेलंच नाही. पहिला दिवस 'संवादाचे महत्त्व', दुसरा 'रेडिओचा इतिहास', तिसऱ्या दिवशी दुपारी रेकॉर्डर हातात येतो, तोही आठ जणांत एक. पाचव्या दिवशी पाहुणे.

स्वयंसेवकाला लागतं ते वेगळंच. बोलण्याची पातळी रेकॉर्डरच्या मापकावर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायची, म्हणजे समोरची आजी एकदम खळखळून हसली तरी आवाज फाटत नाही. एकदा फाटलेला आवाज ऑडॅसिटीसारख्या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट होत नाही. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, नाहीतर प-फ-भ चे फटके बसतात. उघड्यावर गेलात तर माइकला फोमची टोपी; वाऱ्याची घरघर नंतर काढायला गेलं की आवाजाची छातीही निघून जाते. पंखा बंद. मोबाइल विमान मोडवर. मुलाखत संपली की उठायचं नाही, त्याच जागेची तीस सेकंदं शांतता रेकॉर्ड करायची. संकलनात दोन वाक्यांच्या मधे तीच भरतात, नाहीतर प्रत्येक कापाला मागची कोंबडी अर्ध्यात गप्प होते. आणि फाइलला नाव द्यायचं: तारीख, गाव, विषय. 'नवीन फायनल २' नव्हे.

हे सगळं दोन दुपारींत शिकवून होतं. हाताला वळण लागायला मात्र सहा महिने लागतात, आणि तेवढे दिवस कुणीतरी रोज शेजारी बसून प्रत्येक फाइल ऐकावी लागते. त्या ऐकणाऱ्याचा पगार कुणी देत नाही. प्रश्न तिथे आहे.

ताळेबंद
पोस्ट माझी नाही, पण शब्दन् शब्द मान्य. जरा देणाऱ्याच्या बाजूने बघा. टॉवर उभा राहिला की मालमत्ता नोंदवहीत चढते, क्रमांक पडतो, ऑडिटर हात लावून जातो. प्रशिक्षणाचं काय दाखवणार? हजेरीपट आणि वड्यांचं बिल. शिवाय कायद्यात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. समन्वयकाचा पगार त्यात बसवून दाखवा.

सूत्रधारीण
ही पाच टक्क्यांची थाप आता पुरे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे, संस्थेला नाही. २०२१ च्या दुरुस्तीत व्याख्याच दिलीय: प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च प्रशासकीय खर्चात धरायचा नाही. समन्वयक अंमलबजावणी करतो. त्याचा पगार कार्यक्रमखर्च. तुमच्यासारखे लोक ते पाच टक्के प्रत्येक अंदाजपत्रकावर लाल पेनने लिहून पाठवतात आणि खेड्यातली संस्था घाबरून पगाराची ओळ खोडते.

ताळेबंद
नियम उघडून वाचला. बरोबर आहे तुमचं, ताई. पेढे वाटा. पण नियम बरोबर असला म्हणून आमच्या समितीतल्या साहेबांना 'पगार' हा शब्द गोड लागत नाही. त्यांना फीत कापायला काहीतरी हवं असतं.

बाभूळकाटा
फीत कापा, पण त्या टॉवरवर काय चढवताय ते तरी बघा. परवानगी १०० वॅट ईआरपीची (अँटेनाचा जोर धरून बाहेर पडणारी शक्ती). त्यासाठी साधारण ५० वॅटचा ट्रान्समीटर आणि थोडा गेन असलेला, म्हणजे शक्ती एकवटणारा, अँटेना असा हिशोब असतो. आता दाता म्हणतो खर्च कमी करा, मग अर्धा इंची हेलिॲक्स या जाड केबलऐवजी आरजी-२१३ ही स्वस्तातली केबल ओढतात. एफएमच्या पट्ट्यात चाळीस मीटर हेलिॲक्समध्ये एक डेसिबलच्या आत नुकसान होतं. तेवढ्याच लांबीच्या आरजी-२१३ मध्ये अडीचच्या वर. म्हणजे ५० वॅटमधले जेमतेम २७-२८ अँटेनापर्यंत पोचतात, बाकीचे केबल गरम करतात. आणि मग अहवालात 'श्रोत्यांचा प्रतिसाद अल्प'.

कनेक्टरचं तर विचारूच नका. वरच्या जोडावर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग (वेढे आपोआप एकजीव होणारी रबरी) टेप, तिच्यावर काळी टेप, आणि गुंडाळायची खालून वर, कौलं शाकारतात तशी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. लोक वरून खाली गुंडाळतात. पाणी वेढ्यांच्या सांध्यात अडकतं, केबलीच्या आतली तारांची वेणी काळी पडते. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यायचा तोही देत नाहीत, पाणी केबलवरून थेट ट्रान्समीटरच्या पाठीत.

लोडशेडिंग_पुराण
काटेसाहेब, टेपवर एवढं लिहिलंत आणि अर्थिंगवर अक्षर नाही? टॉवरचा वीजरोधक (पडलेली वीज जमिनीत नेणारा) आणि स्टुडिओची उपकरणं यांचं अर्थिंग पूर्ण वेगळं हवं. दोन खड्डे, मधे भरपूर अंतर, एकमेकांशी संबंध नाही. नाहीतर वीज पडली की टॉवरवरून सरळ मिक्सरमध्ये.

बाभूळकाटा
खड्डे दोन करा, चार करा. पण ते जमिनीखालून जाड पट्टीने एकमेकांना जोडलेच पाहिजेत. तुम्ही म्हणता ते घराघरातले वायरमन सांगतात आणि त्यानेच उपकरणं जळतात. वीज पडली की टॉवरच्या खड्ड्याचा विभव क्षणभर हजारो व्होल्टने उचलला जातो, स्टुडिओचा खड्डा होता तिथेच राहतो. दोघांमधे तांब्याचा एकच रस्ता उरतो: अँटेना केबलचं कवच, ट्रान्समीटरची पेटी, ऑडिओ केबल, मिक्सर. तुम्ही वेगळं ठेवलंत म्हणूनच ती मिक्सरमधून जाते.

लोडशेडिंग_पुराण
पुस्तकी उत्तर. प्रत्यक्षात किती टॉवर उभे केलेत? शेतावरच्या वीजजोडणीत न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तरंगत असतो, व्होल्टेज १६० ते २७० मधे नाचतं. तिथे सगळं एकत्र बांधलंत की न्यूट्रलची घाण टॉवरवर आणि टॉवरची घाण न्यूट्रलवर.

बाभूळकाटा
न्यूट्रल आणि अर्थ यात घोळ घालू नका. मी दोन अर्थ जोडा म्हणालो, न्यूट्रल बांधा कुठे म्हणालो? वाचता येत असेल तर पुन्हा वाचा.

सूत्रधारीण
दोघेही जरा थांबा. धागा निधीबद्दल आहे.

बाभूळकाटा
निधीबद्दलच बोलतोय, ताई. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात बादलीभर पाणी कुणी ओतायचं? मार्च ते मे कोरडा पडलेला खड्डा असून नसल्यासारखा, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. ही ओळ कुठल्या अंदाजपत्रकात असते?

लोडशेडिंग_पुराण
पाण्याबद्दल सहमत. बाकी एका अक्षराबद्दल नाही.

अवांतरवाले_काका
तुम्ही सगळे खर्चाचंच बोलताय, कमाईचं कुणी बोलेना. २०२४ मध्ये सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला, जाहिरातीची वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२. म्हणजे तासाला ७२ तुकडे, ५,३२८ रुपये. कागदावर! केंद्रांना मिळतात दिवसाचे मूठभर तुकडे, आणि बिलं कधी चुकती होतील ते देवाला ठाऊक. बातम्या द्यायला बंदी, आकाशवाणीच्याच बातम्या लावायच्या, त्याही फेरफार न करता. गावात पाण्याच्या टँकरवरून रस्ता अडवला तरी केंद्राने भजनं लावायची. मग जाहिरातदार येणार कशाला? आधी बातम्या मोकळ्या करा, निधी मागायची वेळच येणार नाही.

ताळेबंद
काका, तुमचं हे रडगाणं कोणत्याही धाग्यावर चालतं.

अवांतरवाले_काका
रडगाणं नाही रे बाबा. २०१२ ची आठवण आहे का? स्पेक्ट्रमचं वार्षिक शुल्क १९,७०० वरून ९१,००० केलं होतं. केंद्रांनी आरडाओरड केली म्हणून मागे आलं. ओरडणारी माणसं केंद्रात होती म्हणून. टॉवर ओरडत नाही.

फेडर_खाली
काकांनी नकळत माझीच बाजू मांडली.

आता ताळेबंद यांना आकडे. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या योजनेतून यंत्रसामग्रीला अनुदान मिळतं, ७५ टक्के, कमाल साडेसात लाख. म्हणजे यंत्रांसाठी एक दार आधीच उघडं आहे. त्याच दारात सीएसआरनेही जाऊन उभं राहायचं कारण काय? त्यांनी पुढचं द्यावं. एक पूर्णवेळ समन्वयक, महिना १५,०००. गावातल्या मुलामुलींनी केलेल्या प्रसारणयोग्य कार्यक्रमाला प्रत्येकी ३००, महिन्याला वीस, म्हणजे ६,०००. पेट्रोल-एसटी २,०००. हेडफोन, केबली, सेल, मेमरी कार्ड २,०००. महिना २५,०००, वर्षाला ३ लाख, तीन वर्षांना ९. हजेरीवर पैसा नाही, कार्यक्रमावर. तुमच्या ऑडिटरला हात लावायला काहीतरी हवं ना? तीन महिन्यांचं प्रसारण जपून ठेवायची अट केंद्रावर आहेच. कुठलीही तारीख काढा, फाइल ऐका, नाव जुळवा.

ताळेबंद
तीनशे रुपये देणार, तर मग 'स्वयंसेवक' कशाला म्हणायचं? मजूर म्हणा. आणि तीनशेसाठी कुणी थांबणार नाहीच, जाणारे जातीलच.

सूत्रधारीण
जाऊ द्या की. मुलं जाणार हे धरूनच आखायचं असतं. बारा जणांची एकच तुकडी शिकवून ती टिकेल म्हणून बसलात तर रडाल. दर तीन महिन्यांनी तीन-चार नवे घ्या, जुन्यांपैकी एकाच्या हाताखाली लावा. ज्या मुलीचं लग्न होऊन ती त्याच तालुक्यात गेली ती गळाली असं का धरता? फोनवर आवाज पाठवू शकते, नव्या गावची बातमीदार तीच.

— बातमीदार म्हणजे काकांच्या अर्थाने नव्हे. —

गळती सगळ्यात जास्त कुठे होते ते पाहा. काम केलं आणि प्रसारित झालं नाही, तिथे. मुलगा तीन गावं फिरून आणतो, फाइल समन्वयकाच्या संगणकात पंधरा दिवस पडून राहते, तो परत येत नाही. चहापाण्यापेक्षा आपला आवाज आठ दिवसांच्या आत वाजणं महत्त्वाचं. त्यासाठी संकलनाला माणूस लागतो. फिरून पगार.

आणि ज्यांना उदाहरण हवंय त्यांनी तेलंगणातल्या माचनूरचा संगम रेडिओ बघावा. परवाना मिळून केंद्र सुरू झालं १५ ऑक्टोबर २००८ ला. पण डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या तिथल्या संस्थेने युनेस्कोच्या मदतीने स्टुडिओ उभारला होता नव्वदच्या दशकाच्या शेवटी. मधली दहाएक वर्षं परवाना नाही, दलित बायका कार्यक्रम करून कॅसेटी गावोगावच्या महिला संघांच्या बैठकांत वाजवत होत्या. बियाणं, भरडधान्यं, औषधी पाला, गाणी. प्रसारण सुरू झालं त्या दिवशी केंद्राकडे माणसंही होती आणि साठाही होता. तुमच्या पोस्टकर्त्याच्या बरोबर उलटा क्रम.

ताळेबंद
त्यांच्या मागे दणकट संस्था होती हे सोयीस्करपणे गाळलंत. आपल्याकडेही तेच. म्हसवडच्या माणदेशी तरंगच्या मागे महिला बँकेचं सगळं काम, बारामतीच्या शारदा कृषी वाहिनीच्या मागे कृषी विज्ञान केंद्र. जिथे मागे कुणी नाही तिथे तुमचे नऊ लाख संपले की चौथ्या वर्षी काय?

फेडर_खाली
हा पहिला मुद्द्याचा प्रश्न. चौथ्या वर्षी जाहिरात, ग्रामपंचायत, बाजार समिती, वाढदिवसाच्या शुभेच्छा, जमेल तिथून निम्मं उभं करावं लागतं आणि उरलेलं मागावं लागतं. स्वयंपूर्णतेचं स्वप्न मी विकत नाही. गावच्या वाचनालयालाही कुणी चौथ्या वर्षी नफा विचारत नाही. पण निव्वळ टॉवर दिलात तर चौथ्या वर्षापर्यंत थांबायचीही गरज नाही. पहिल्या पावसातच कळतं.

बाभूळकाटा
तेच तर सांगत होतो मघापासून. ट्रान्समीटरच्या पडद्यावर परावर्तित शक्ती, म्हणजे अँटेनाकडून परत येणारी, दिसते. ५० वॅटला दोन वॅट परत येत असतील तर व्हीएसडब्ल्यूआर (केबल-अँटेनाचा मेळ किती बिघडलाय त्याचं माप) दीड, चालेल. साडेपाच झाले की दोन, टॉवरवर माणूस चढवा. त्यापुढे ट्रान्समीटर स्वतःच शक्ती कमी करतो, आणि गावात 'आज रेडिओ खरखरतोय' एवढंच कळतं. रोज सकाळी प्रसारणाआधी जाणारी आणि परत येणारी शक्ती, हे दोन आकडे वहीत लिहायचे. अर्धा मिनिट. बारावीची पोरगी करते. शिकवलं तर. नाहीतर कंपनीचा माणूस येईपर्यंत केंद्र बंद, त्याचा प्रवासखर्च वेगळा.

लोडशेडिंग_पुराण
बॅटरीचंही लिहा वहीत. १५० एएचच्या दोन बॅटऱ्यांवर '३.६ युनिट, आठ तास' असा हिशोब पुरवठादार लिहून देतो. निम्म्याखाली उतरवल्या तर दीड वर्षात मरतात, म्हणजे वापरायला १.८ युनिट. ट्रान्समीटर १५०, संगणक १५०, मिक्सर-पंखा-दिवे धरून ४५० वॅट. इन्व्हर्टरची गळती वजा जाता साडेतीन तास, फार तर. डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

ताळेबंद
बरं. ऐका. 'प्रशिक्षण' असं शीर्षक दिलंत तर माझ्या समितीत पहिल्या पाच मिनिटांत कटेल. 'केंद्र संचालन व देखभाल, तीन वर्षे' असं लिहा. त्यात समन्वयक, कार्यक्रम-मानधन, वही, डिस्टिल्ड वॉटर, काय हवं ते घाला. मागणी पहिल्या वर्षाची न लिहिता चालू (अनेक वर्षांचा) प्रकल्प म्हणून लिहा, म्हणजे दर मार्चला माझ्या दारात उभं राहावं लागणार नाही. सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेचा सरकारी क्रमांक) विसरू नका, निम्मे अर्ज तिथेच बाद होतात. मला पटलंय असं समजू नका. मंजूर कसं होतं तेवढं सांगतोय.

सूत्रधारीण
पटलं नाही तरी चालेल. मसुदा करून इथेच टाकते, लाल पेन तयार ठेवा.

बाभूळकाटा
त्यात अर्थ टेस्टरचं भाडं धरा, वर्षातून दोनदा. आणि दोन्ही खड्डे जोडायची पट्टी.

लोडशेडिंग_पुराण
पट्टी धरू नका.