वाळू म्हणजे नुसता चुरा नव्हे

वाळू म्हणजे दगडाचा चुरा, असं सहसा म्हटलं जातं. त्यात थोडी भर घालतो. ग्रॅनाइट या खडकामध्ये मुख्यतः फेल्डस्पार, क्वार्ट्झ आणि अभ्रक ही खनिजं असतात. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होतं. त्याने फेल्डस्पार हळूहळू कुजतो आणि त्याची चिकणमाती होते. क्वार्ट्झला मात्र हे पाणी फारसं काही करू शकत नाही, म्हणून वाळूत बहुतेक तोच उरतो. (समुद्रकाठची काही वाळू शिंपल्यांची असते, ती वेगळी.)

झिरकॉन हे खनिज तर क्वार्ट्झहून चिवट! ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात जवळपास ४४० कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉनचे कण सापडलेत. मूळ खडक कधीच झिजून गेला, कण तेवढे राहिले. मला हे फार विलक्षण वाटतं.