मदत हवी: सायलेन्सर चोरायचा प्रयत्न, सेन्सरची वायर कापली, चेक लाइट पेटलाय

स्कूलव्हॅनवाला
रात्री कुणीतरी माझ्या मारुती इको व्हॅनचा सायलेन्सर काढायला आलं होतं. नट ढिले केलेत, ऑक्सिजन सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) वायर कापलीय, सायलेन्सर मात्र जागेवरच आहे. चेक इंजिन लाइट पेटलाय, फटफट आवाज येतोय. मेकॅनिक म्हणतो दोन्ही सेन्सर बदला. नुसती वायर जोडून चालेल का? सोमवारी गाडी लागणार आहे, लवकर सांगा.

पाना_नंबर_२२
कुठला सेन्सर, पुढचा की मागचा? गाडी बीएस४ की बीएस६ (प्रदूषणाचे नियम)? स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय आला? लाइट पेट्रोलवरही पेटतो की फक्त सीएनजीवर?

गॅरेजकट्टा
सेन्सरचं नंतर बघा. आधी फोटो काढा, पोलिसांत तक्रार द्या, विमा कंपनीला कळवा. दुरुस्ती करून मग गेलात तर सर्व्हेअर काय बघणार?

आकडेमोड
एका सेन्सरसाठी क्लेम? सक्तीची वजावट (आपल्यालाच सोसावी लागणारी रक्कम) तर कापतीलच, वर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनसही जाईल. तक्रार जरूर द्या, क्लेम मात्र हिशेब करूनच.

स्कूलव्हॅनवाला
विम्याचं विचारलंच नाहीये हो. मागचा सेन्सर. २०१८, कंपनी सीएनजी. कोड पी ०१४१.

पाना_नंबर_२२
मग २०१८ म्हणजे बीएस४. पी ०१४१ हा मागच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा (सेन्सरला आतून गरम करणाऱ्या भागाचा) कोड. वायर तुटल्यावर तो येणारच, त्यावरून सेन्सर मेला असं ठरत नाही. पुढच्याचा कोड नसेल तर त्याला हात लावू नका.

फटफट आवाज ढिल्या जोडाचा आहे. गॅस्केट नवं टाका, नट आवळा. गळक्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि रीडिंग खोटं येतं. तिथे साधं सिलिकॉन सीलंट फासू नका, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो.

सोल्डरबाबा
चार वायरी सोल्डर करा, वर टेप गुंडाळा, दहा मिनिटांचं काम.

पाना_नंबर_२२
नको! बऱ्याच झिर्कोनिया (नेहमीच्या प्रकारच्या ऑक्सिजन) सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच आत जाते. सोल्डर ती वाट बंद करतं. शिवाय सायलेन्सरजवळच्या उष्णतेत टेप सुटते. क्रिंप स्लीव्ह (वायरी दाबून जोडायची धातूची नळी) दाबा, वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), त्यावर फायबरग्लासची नळी. चारही जोड पुढेमागे ठेवा, एका रेषेत आले तर एकमेकांना घासून शॉर्ट होतात. जोडाला ग्रीस लावू नका.

सोल्डरबाबा
सोल्डर केलेल्या कितीतरी गाड्या पळतायत.

पाना_नंबर_२२
पळतील. मागच्या सेन्सरवर इंधनाचं मिश्रण फारसं अवलंबून नसतं, म्हणून चालकाला कळत नाही. कोड मात्र परत येतो.

रोडकिंग_नाशिक
मधली माती (धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट, चोर त्याच्यासाठीच येतात) काढून सरळ पाइप टाका. चोर पुन्हा फिरकणार नाहीत.

आकडेमोड
पीयूसी आणि पासिंगला काय दाखवणार? मुलांच्या व्हॅनला असले सल्ले देऊ नका.

गॅरेजकट्टा
मातीवरून आठवलं. काही चोर माती काढून रिकामा सायलेन्सर परत बसवतात. थंड असताना हाताने ठोकून बघा, पोकळ वाजला तर शंका घ्या. सेन्सर ठीक असून पुढे पी ०४२० (कॅटॅलिस्ट नीट काम करत नसल्याचा कोड) आला तरी तेच.

स्कूलव्हॅनवाला
मीटरने ओहम बघितला, ओपन दाखवतोय. म्हणजे गेलाच ना?

पाना_नंबर_२२
कुठून मोजला? कपलरपासून (वायरीच्या टोकाच्या प्लगपासून) मोजलात तर ओपनच येणार, मध्ये वायर कापलीय! सेन्सरकडच्या तुकड्यांत एकसारख्या रंगाच्या दोन वायरी हीटरच्या. डेन्सो कंपनीच्या सेन्सरमध्ये त्या काळ्या, निळी सिग्नल, पांढरी अर्थ. बॉशमध्ये हीटरच्या पांढऱ्या. काळी सिग्नल, राखाडी अर्थ. चावी बंद, सेन्सर थंड, हीटरच्या त्या दोन वायरींमध्ये साधारण ५ ते १५ ओहम यायला हवेत. मग चावी चालू करून गाडीकडच्या कपलरवर हीटरच्या पिनला १२ व्होल्ट येतात का बघा. नसतील तर कापताना शॉर्ट होऊन फ्यूज उडाला असावा.

स्कूलव्हॅनवाला
दोन काळ्या, ६.८ आले. व्होल्ट नाहीत.

पाना_नंबर_२२
हीटर शाबूत आहे. वायरी जोडा, मग त्याच अँपिअरचा फ्यूज टाका, कोड पुसा. सिग्नलही तपासा: इंजिन तापल्यावर मागच्याचा व्होल्टेज साधारण ०.६ ते ०.७ च्या आसपास स्थिर हवा. मातीच्या आधी असलेल्या पुढच्या सेन्सरसारखा ०.१ ते ०.९ नाचत असेल तर गॅरेजकट्टांची मातीची शंका खरी.

रोडकिंग_नाशिक
आणि जाळी? चोरी टाळायला सायलेन्सरभोवती लोखंडी जाळी कोण बसवून देतं, कुणाला माहीत आहे का?