मदत हवी आहे: भाचीसाठी जपानी रॉक बँड सुचवा (वय १९, अ‍ॅनिमेच्या पलीकडचे)

लोकहो,

दिवाळीला पुण्याहून सावंतवाडीला गाडीने जातोय. मी, ताई आणि ताईची लेक. भाची पुण्यात पीजीत राहते, कॉलेज सांभाळून जपानी शिकते. जुलैत जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी सुटली, डिसेंबरात एन-३ देणार आहे. माझी गाडी जुनी, तिला पेनड्राइव्हशिवाय काही कळत नाही. म्हणून तो भरायचं काम माझ्याकडे आलंय.

अडचण अशी की भाचीला जपानी रॉक आवडतो, पण सगळा अ‍ॅनिमेतून, म्हणजे जपानी कार्टून मालिकांतून आलेला. मालिकेच्या सुरुवातीचं गाणं दीड मिनिटाचं असतं, तेवढं तोंडपाठ. मध्यंतरी मी हौसेने एक गाणं पूर्ण लावलं, तर दीड मिनिटानंतर बाई एकदम गप्प. म्हणाली, "मामा, पुढचं कडवं मी कधी ऐकलंच नाहीये." तेव्हापासून माझ्या डोक्यात हे बसलंय.

ऐकून झालेलं: रॅडविम्प्स (त्यांची गाणी असलेला सिनेमा 'वेदरिंग विथ यू' २०१९ मध्ये आपल्याकडे थिएटरात लागला, तो तिला मीच दाखवला होता), वन ओके रॉक, किंग नू. मुलींच्या बँडवरची मालिका 'बोक्ची द रॉक!' दोनदा पाहून झालीय, तिसऱ्यांदा चालू आहे. मेकअप आणि उभे केस हा प्रकार नको म्हणते. शब्द कानाला कळतील असे बँड असले तर अभ्यासही होईल, हा माझा छुपा डाव. ताईला सांगू नका, तिला ओरडाआरडा सहन होत नाही.

माझी पिढी कॅसेटची, जपानी शून्य. जाणकारांनी हात द्यावा.

---

उशिराची_लोकल:

बोक्ची तीनदा बघणाऱ्या मुलीला एशियन कुंग-फू जनरेशन माहीत नाही? त्या मालिकेतल्या चार मुलींची आडनावं आठवा: गोतो, किता, यामादा, इजिची. हीच आडनावं या बँडच्या चौघांची आहेत. शेवटच्या भागात नायिका बोक्ची जे गाणं स्वतः गाते, तेही यांचंच, २००८ चं. म्हणजे दार तिच्या घरातच आहे, फक्त उघडलेलं नाही.

योकोहामाच्या कांतो गाकुइन विद्यापीठात १९९६ मध्ये जमलेली ही पोरं. २००४ चा 'सोल-फा' हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लावा, मधली गाणी गाळू नका. त्यातलं 'रीराइट' तिने 'फुलमेटल अल्केमिस्ट'मध्ये ऐकलेलं असणार, तेही दीड मिनिटच!

पण तुमच्या छुप्या डावासाठी माझं उत्तर वेगळं आहे. द ब्लू हार्ट्स. १९८५ ते १९९५ एवढंच आयुष्य, सरळसोट पंक, तीन कॉर्डचं काम, आणि शब्द इतके साधे की एन-४ वाल्याला डिक्शनरी लागत नाही. 'लिंडा लिंडा' (१९८७) ची पहिलीच ओळ म्हणजे गटारातल्या उंदरासारखं सुंदर होण्याची इच्छा. तिला ते वाक्य फोडायला सांगा. 'मिताई नी' म्हणजे 'सारखं', 'नारीताई' म्हणजे 'व्हायचंय', आणि क्रियापद आपल्या मराठीसारखं शेवटी. मी जपानी शिकत होतो तेव्हा '-ताई' हे रूप वर्गात तीन आठवडे घोकलं आणि डोक्यात शिरलं ते या गाण्याने.

दुसरा बंप ऑफ चिकन. नावावर जाऊ नका. चिबातले बालमित्र आहेत. 'तेन्ताई कान्सोकु' (२००१), अर्थ आकाशनिरीक्षण. रात्रीचे दोन, रेल्वे फाटक, खांद्यावर दुर्बीण, पट्ट्याला बांधलेला रेडिओ सांगतोय की पाऊस पडणार नाही म्हणे. ते 'म्हणे' जपानीत 'राशी' असतं आणि परीक्षेत हमखास विचारतात. गाणं कथेसारखं पुढे जातं, त्यामुळे दुसरं कडवं न ऐकता सुटका नाही.

---

बिनसाखरेचा:

+१ ब्लू हार्ट्स.

पण गाण्याचा क्लास का करताय मामा? पोरगी दिवाळीच्या सुट्टीवर आहे. नंबर गर्ल द्या. फुकुओकाचा बँड, 'स्कूल गर्ल डिस्टॉर्शनल अ‍ॅडिक्ट' (१९९९). मुकाई शुतोकु काय गातो ते जपान्यांनाही पहिल्या फटक्यात कळत नाही, गिटारच्या गोंगाटात आवाज बुडालेला असतो, आणि ताबुची हिसाकोची गिटार ऐकून अंगावर काटा येतो. २००२ मध्ये फुटले, २०१९ मध्ये परत आले, डिसेंबर २०२२ मध्ये परत संपवलं. वर ज्यांचं कौतुक चाललंय त्या एशियन कुंग-फूच्या पहिल्या पूर्ण अल्बमवर 'एन. जी. एस.' नावाचं गाणं आहे, म्हणजे नंबर गर्ल सिंड्रोम. समजून घ्या.

ताईंना मागच्या सीटवर बसवा.

---

सातारी_कंदी:

वरचे दोघेही गिटारवाले दिसतात. मी जरा मागे नेते.

१९७० च्या आसपास जपानात वाद पेटला होता की रॉक जपानीत गाता येतो का. एक गट म्हणायचा, रॉकची भाषा इंग्रजीच, आपली भाषा त्या ठेक्यात बसत नाही. हॅपी एंड या बँडने 'काझेमाची रोमान' (१९७१) काढला, सगळा जपानीत. ड्रमर मात्सुमोतो ताकाशीच गीतं लिहायचा. एकेक अक्षर ताणून, शब्द मधेच तोडून बसवलंय. 'मराठीत रॉक शोभत नाही' हे मी कॉलेजच्या गॅदरिंगला इतक्या वेळा ऐकलंय की हा अल्बम हाती लागला तेव्हा खूप बरं वाटलं. आवाज मऊ आहे, ताईंना चालेल.

क्योतोचा कुरुरी पण घ्या. 'तोक्यो' (१९९८) हे गाणं घर सोडून मोठ्या शहरात आलेल्या मुलाचं आहे, पीजीत राहणाऱ्या मुलीला वेगळं सांगायला नको. मुलीच पुढे असलेलं काही हवं असेल तर ट्रिको (क्योतोच, ठेका मोजताना बोटं कमी पडतात) आणि हित्सुजी बुंगाकु. नावाचा अर्थ मेंढी-साहित्य! त्यांचं एक गाणं २०२३ मध्ये 'जुजुत्सु कायसेन'च्या शेवटी लागायचं, म्हणजे ओळख निघेल.

रात्रीचा प्रवास असेल तर फिशमन्सचा 'लाँग सीझन' (१९९६). एकच गाणं, ३५ मिनिटांचं. गायक सातो शिंजी १९९९ मध्ये ३३ व्या वर्षी गेला. दीड मिनिटाच्या सवयीवर याहून जालीम औषध नाही. घाटात मात्र लावू नका, ड्रायव्हरला गुंगी येते.

अवांतर: जपानीत 'दोकिदोकि' म्हणजे छातीतली धडधड आणि 'किराकिरा' म्हणजे लखलख. असे जोडशब्द गाण्यांत पावलोपावली भेटतील. मराठी माणसाला ते पाठ करावे लागत नाहीत.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. काल परत आलो. हा घ्या वृत्तांत.

बोक्चीच्या आडनावांचं कराडच्या आधी सांगितलं. आधी विश्वास बसला नाही, मग फोनवर शोधलं आणि मला म्हणाली, "मामा, तुला हे कोणी सांगितलं?" मी नुसता हसलो. ('सोल-फा' दोनदा झाला.) ब्लू हार्ट्सची ती ओळ तिने पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी फोडली, मग खिडकीतून उसाकडे बघत स्वतःशीच पुटपुटत राहिली. हॅपी एंड तिला 'आजोबांचं' वाटलं, मला फार आवडलं.

नंबर गर्ल लागलं तेव्हा ताई मागे झोपली होती. दचकून उठली, म्हणाली कोणाला मारतायत. बंद करायला लावलं. भाचीने हेडफोन कानाला लावले आणि पुढचे दोन तास ती आम्हाला नव्हतीच.

'लाँग सीझन' आंबोली घाटात लावलं, सूचना विसरून. बाहेर धुकं, वायपर चालू, पुढे एका ट्रकचे लाल दिवे. घाट उतरलो तरी गाणं चालूच. कोणी बोललं नाही. सावंतवाडीत मोती तलावापाशी गाडी थांबवली तेव्हा शेवटची काही मिनिटं उरली होती, ताई म्हणाली, संपू दे मग उतरू.

आता पुढचा प्रश्न. भाचीला बास गिटार शिकायचंय. आंबोलीतच ठरलं म्हणे. पुण्यात कोथरूडच्या बाजूला कोणी शिकवत असेल तर सांगा, आणि नवशिक्याने चार तारांचं घ्यावं की पाच? ताईच्या कानावर अजून घातलेलं नाही.