पेशी, कोशिका आणि रसधानी : कुठला शब्द काय सांगतो?

मूळ प्रश्न

सुट्टीसाठी इंदूरहून भाची आली आहे. घरात मराठी, पण शाळा हिंदी माध्यमाची. यंदा नववीत जाईल. मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून परवा तिला आमच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. लाल कांद्याच्या फाकेवरचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला आणि तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. म्हटलं, "विटा रचल्यासारख्या दिसतायत ना, त्या पेशी."

डोळा न हलवता तिने विचारलं, "मावशी, पेशी तर दंडात असते. ही कोशिका आहे ना?"

तिच्या दृष्टीने बरोबरच आहे. हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू, आणि आपण जिला पेशी म्हणतो ती कोशिका. पुढे मी वहीत आकृती काढून पेशीतल्या द्रव भरलेल्या पिशवीला ‘रिक्तिका’ असं नाव दिलं, तर तिने शेजारी ‘रसधानी’ लिहिलं. वीस वर्षं हे शब्द फळ्यावर लिहिते आहे, पण त्यांच्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मराठीत सेलला पेशी म्हणणं कितपत योग्य? आणि रिक्तिका या शब्दाबद्दल तुमचं मत काय? संस्कृत जाणणाऱ्यांनी आणि हे शब्द रोज वापरणाऱ्यांनी कृपया लिहावं.

उत्तर

भाचीच्या प्रश्नाला मोठी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत, त्यांपैकी ४०० हातापायांत. तिथे पेशी म्हणजे स्नायूच. हिंदीने हा अर्थ जपला.

पण संस्कृतात पेशीचा आणखी एक अर्थ आहे, आणि मला वाटतं मराठीचं नातं त्याच्याशी अधिक जुळतं : मांसाचा गोळा, ज्यातून पुढे जीव आकाराला येतो असा गोळा. चरकसंहितेत दुसऱ्या महिन्याच्या गर्भाचं वर्णन करताना हा शब्द येतो. आणि गांधारीची कथा तर आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली आहे. दोन वर्षं वाट पाहून तिच्या पोटी जन्मली ती लोखंडाच्या गोळ्यासारखी घट्ट मांसपेशी. महाभारतात शब्द हाच आहे. व्यासांच्या सांगण्यावरून तिच्यावर थंड पाणी शिंपडलं, तिचे अंगठ्याएवढे १०१ भाग झाले आणि प्रत्येक भाग तुपाच्या कुंडात ठेवला. यावरून त्या काळी पेशीविभाजन ठाऊक होतं असा अर्थ कृपया कुणी काढू नये. मी फक्त शब्दाच्या छटेबद्दल बोलतो आहे. पेशी म्हटलं की संस्कृत जाणणाऱ्याच्या मनात ओलं, सजीव, वाढू शकणारं काहीतरी उभं राहतं.

कोश म्हणजे वेष्टन, खोळ, साठवण्याची जागा. शब्दकोश, रेशमाचा कोश, द्रव्यकोश. कोशिका म्हणजे छोटा कोश. आता इंग्रजी शब्दाकडे पाहा. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला, त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले आणि त्याने त्यांना ‘सेल’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘सेला’ म्हणजे लहान खोली. बूच म्हणजे ओकच्या जातीतल्या एका झाडाची मेलेली साल. आतला जीव कधीच गेलेला, उरलेल्या फक्त भिंती आणि हवा. म्हणजे हूकने नाव दिलं ते रिकाम्या घराला. कोशिका हा त्या खोलीचा चांगला अनुवाद आहे, यात शंका नाही.

पुढे १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल सांगितलं की सगळे सजीव पेशींचेच बनलेले असतात. प्राण्यांच्या पेशीला तर भिंतच नसते, असतं फक्त पातळ पटल. तिथे खोलीची उपमा अपुरी पडते. इंग्रजीने जुना शब्द तसाच पुढे चालवला. आपण पेशी म्हणतो तेव्हा नाव घराला न पडता घरातल्या माणसाला पडतं. म्हणून माझं मत स्पष्टपणे पेशीच्या बाजूने.

उत्तर

एक व्यवहारातली अडचण सांगते. केशिका म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिनी. कोशिका आणि केशिका यांत फरक एका काना-मात्रेचा. मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांत कोशिका भरपूर भेटते आणि केशिकाही. भाषांतर करताना मी स्वतः दोनदा चुकले आहे. पेशीमध्ये हा घोटाळा होत नाही.

उत्तर

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, कोल्हापूर जिल्ह्यात. पुस्तकातलं जाऊ द्या, लोक पेशी कशाला म्हणतात ते सांगतो. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "पेशी किती आल्या?" त्याला ना तांबड्या हव्या असतात ना पांढऱ्या. त्याला प्लेटलेटचा आकडा हवा असतो. दीड लाख ते साडेचार लाख हा नेहमीचा आकडा, एका मायक्रोलिटर रक्तात. तो पन्नास हजारांवर आला की घरातले सगळे हवालदिल होतात. "पेशी उतरल्या", "पेशी चढल्या", "पेशी भरायला लागतील का?" अशी सगळी भाषा त्या एका शब्दाभोवती फिरते.

खरं तर प्लेटलेट ही पूर्ण पेशीच नव्हे. अस्थिमज्जेतल्या फार मोठ्या पेशींचे तुकडे पडतात आणि ते रक्तात येतात. त्यांत केंद्रक, म्हणजे पेशीचा कारभार पाहणारा भाग, नसतं. पाठ्यपुस्तकातला रक्तपट्टिका हा शब्द चांगला आहे, पण खिडकीशी तो मी एकदाही ऐकलेला नाही. तांबड्या पेशीतही पूर्ण वाढ झाल्यावर केंद्रक राहत नाही, सुमारे १२० दिवस ती तशीच काम करते. तिला ‘लोहित रक्तकणिका’ म्हणतात तेव्हा कणिका हा शब्द मला पटतो. पांढऱ्या पेशीला मात्र कणिका म्हणवत नाही. तिला केंद्रक आहे, ती आपणहून सरकते, जंतूला वेढा घालून गिळते. ती पेशीच.

रुग्णाच्या नातेवाइकाला मी शब्द दुरुस्त करून देत नाही. त्या वेळी त्याला आकडा नीट समजावणं महत्त्वाचं असतं.

उत्तर

अनेकवचनाचंही सांगून टाका. मुलं सर्रास ‘पेश्या’ लिहितात. नदी-नद्या, पेटी-पेट्या म्हणतो, मग पेशी-पेश्या का नाही, हा त्यांचा तर्क चुकीचा नाही. पण रूढ रूप ‘एक पेशी, अनेक पेशी’ असंच आहे, दासी-दासी सारखं. मग वचन कळतं ते अनुस्वारावरून : पेशीत म्हणजे एकीच्या आत, पेशींत म्हणजे अनेकींच्या. विज्ञानाच्या वाक्यात हा एक ठिपका सुटला की अर्थ बदलतो, म्हणून वही तपासताना मी त्यावर हटकून खूण करते.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. गांधारीची मांसपेशी भाचीला सांगितली, तिला फार आवडली. आता रिक्तिकेबद्दल माझं म्हणणं लिहिते, कारण दोन दिवस तेच डोक्यात आहे.

त्याच पापुद्र्यावर आम्ही मिठाचं पाणी घालून पाहिलं. काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून आधीचं पाणी शोषून घेतलं. आधी प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळट गुलाबी होती. काही मिनिटांत रंग कोपऱ्यांतून मागे सरकू लागला. भिंती जागच्या जागी, आणि आतला रंगीत भाग आक्रसून मध्ये गोळा झालेला. जितका आक्रसला तितका गडद. मग साधं पाणी सोडलं तेव्हा तो हळूहळू पसरत परत भिंतींना टेकला. भाची श्वास रोखून बघत होती.

तो रंग कुठे असतो? रिक्तिकेत. जिला आपण ‘रिकामी’ म्हणतो तिच्यात. वाढ झालेल्या वनस्पतिपेशीचा नव्वद टक्क्यांपर्यंत भाग रिक्तिकेने व्यापलेला असू शकतो. तिच्यात पाणी, क्षार, शर्करा, आम्लं, रंगद्रव्यं असतात. कांद्याचा जांभळा आणि बिटाचा लाल रंग तिच्यातलाच. कोथिंबिरीची जुडी पाण्यात उभी केली की ताठ होते, तीही रिक्तिका भरल्यामुळे. इंग्रजीतला व्हॅक्युओल हा शब्दही ‘रिकामा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. सुरुवातीच्या सूक्ष्मदर्शकांतून ती जागा मोकळी दिसली, म्हणून तसं नाव पडलं. आपण तो गैरसमज शब्दासकट उचलला. हिंदीने रसधानी म्हटलं : रस ठेवण्याची जागा, राजधानीतली ‘धानी’. मला हा शब्द मनापासून आवडला. मुलाला शब्द सांगितला की त्यातच अर्धा धडा होतो. रिक्तिका सांगितली की आधी "पण ती रिकामी नसते बरं का" असं म्हणावं लागतं.

केंद्रकाचंही असंच आहे. आयोडीन घातल्यावर ते पिवळसर तपकिरी ठिपक्यासारखं दिसलं, पण बहुतेक पेशींत मध्यभागी नव्हतंच, भिंतीलगत होतं. रसधानीने त्याला कडेला दाबलेलं असतं. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींत पाहून त्याला न्यूक्लिअस म्हटलं, म्हणजे फळातला गर, बी. काजूचा गर जसा. केंद्रक म्हटल्यावर मुलं आकृतीत नेमकं मध्ये गोल काढतात. आता मी वर्गात सांगणार आहे, केंद्रक म्हणजे जागेचा मध्य असं नाही, कारभाराचा मध्य.

उलट पेशीला ऊर्जा पुरवणारी आपली तंतुकणिका बघा, शब्द किती चपखल! कार्ल बेंडाने १८९८ मध्ये ग्रीकमधला ‘दोरा’ आणि ‘कण’ जोडून मायटोकॉन्ड्रिअन हे नाव केलं, आणि आपल्या शब्दात दोन्ही जसेच्या तसे उतरले. पेशीत ती कधी दोऱ्यासारखी दिसते, कधी कणासारखी.

आणखी एक. मिठाच्या पाण्याने जे झालं त्याला पुस्तकात रससंकोच म्हणतात, पाणी बाहेर जातं त्याला बहिःपरासरण. आमच्या आईला विचारलं तर ती म्हणेल, "कोशिंबिरीत आधीच मीठ घालू नकोस, काकडीला पाणी सुटेल." सुटणे! मीठ पाणी ओढतं असं आपण म्हणत नाही, पाणी सुटतं म्हणतो. शाळा सुटते, गाडी सुटते, तसं पाणी आपणहून निघतं. परासरणात तेच होतं, पाणी जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे पटलातून जातं. बीट शिजवलं की ‘रंग सुटतो’ म्हणतो, तो प्रकार मात्र वेगळा. तिथे उष्णतेने पटलं फाटतात आणि रसधानीतला रंगही बाहेर येतो. कांद्याच्या पापुद्र्यात पटल शाबूत होतं, म्हणून पाणी गेलं आणि रंग आत राहिला, अधिक गडद होऊन. यंदापासून परासरणाचा धडा मी काकडीपासून सुरू करणार.

उत्तर

ऊती, म्हणजे एकाच कामाच्या पेशींचा समूह, राहिली! संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे, त्यावरून ऊत म्हणजे विणलेलं. ओतप्रोत हा आपला रोजचा शब्द त्याच घरातला, उभ्या-आडव्या धाग्यांचा. फ्रेंचमधून आलेला टिश्यू हाही विणलेल्या कापडाचाच शब्द. पेशींचं विणकाम ती ऊती.

मी जळगावचा. आमच्याकडे केळीवाले ‘ऊतिसंवर्धित रोपं’ कधीच म्हणत नाहीत, "यंदा टिश्यू लावली" म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ग्रँड नैन जातीच्या केळीची रोपं डोळ्यांसमोर दिसतात. कंदाच्या कोंबाचा इवलासा तुकडा बाटलीत वाढवून हजारो सारखी रोपं करतात, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. शब्द इंग्रजी असला तरी इथे तो मातीत रुजला आहे. लिहिताना मात्र ‘ऊतिसंवर्धन’, ‘ति’ ऱ्हस्व.

उत्तर

रिक्तिकेची थोडी बाजू घेते. अमीबा आठवा. गोड्या पाण्यात राहतो, पाणी सतत आत शिरत असतं. त्याच्याकडे संकोचशील रिक्तिका असते. ती फुगते, कडेला जाते, पाणी बाहेर टाकते आणि दिसेनाशी होते, मग पुन्हा भरू लागते. तळ्यातल्या पाण्याच्या थेंबात हे मी तास तास पाहिलं आहे. भरणं आणि रिकामं होणं हेच तिचं काम. तिला रसधानी म्हणणं मला जड जातं. तिच्यात रस साठवायचा नसतो, पाणी बाहेर घालवायचं असतं. अन्नरिक्तिकाही तशीच, अन्न पचलं की संपली. म्हणून वनस्पतीसाठी रसधानी घ्या, अमीबासाठी रिक्तिका राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

अमीबाचा मुद्दा पटला. परीक्षेत मुलांना रिक्तिकाच लिहावी लागेल, तेव्हा फळ्यावर तीच राहील. पण कांद्याच्या आकृतीखाली मी रसधानीही लिहीन. भाचीने वहीत आकृतीवर ‘पेशी’ असं नाव दिलंय आणि आतल्या मोठ्या मोकळ्या जागेत बिटाच्या रसाने रंग भरलाय. पान अजून वाळायचं आहे.