महालक्ष्म्या जेवतात त्याच दिवशी नाइट. घरचे म्हणतात 'मेडिकल रजा टाक'

सिस्टर_मराठवाडा:
मी जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात. आमच्याकडे महालक्ष्म्यांची पंगत संध्याकाळी बसते आणि यंदा नेमकी त्याच दिवशी रात्री 8 ची ड्युटी आली. सासूबाई म्हणतात, थोरल्या सुनेनं सवाष्णी वाढायच्या सोडून जायचं नाही, मेडिकल टाक. नवरा गप्प आहे.

रात्री आम्ही दोघीच असतो. सध्या 1200 ग्रॅमचं एक बाळ आहे, दर दोन तासांनी नळीनं दूध. मध्येच त्याचा श्वास थांबतो. तळपायाला टिचकी मारली की पुन्हा घेतं. त्या वेळी दुसरी सिस्टर दुसऱ्या वॉर्मरपाशी (बाळाला ऊब देणारी खाट) अडकलेली असली तर? खोटं मेडिकल मी टाकणार नाही. पण घरात हे कसं सांगू?

निवृत्त_इन्चार्ज:
ड्युटी लिस्ट मीच लावायचे. ऐन वेळी मेडिकल आलं की इव्हिनिंगच्या सिस्टरलाच थांबवावं लागायचं, आणि तिच्याही घरी गौरी असायच्या. आमच्या वॉर्डात ख्रिश्चन आणि मुस्लिम सिस्टर गौरी-गणपतीच्या नाइट घ्यायच्या. नाताळ आणि ईदला आम्ही उभ्या राहायचो. बदली ड्युटीचा अर्ज दोघींच्या सहीनं आत्ताच दे.

आयसीयू_ब्रदर:
अदलाबदल करा, पण रजेसाठी राखीव माणसं कुठायत हेही मेट्रनना लेखी विचारा. नर्सच्या पदांच्या निकषांत 30 टक्के राखीव धरलेत. आयसीयूत एका पेशंटला एक नर्स हवी, मी एकटा चार बघतो. पदं भरायची नाहीत आणि सिस्टरच्या निष्ठेवर वॉर्ड चालवायचा, याची मला चीड येते.

सोलापूरकर:
माझी बायको सिस्टर आहे. पुरण शिजवणं, वाटणं, पंगत वाढणं मी करतो. आई पहिल्या वर्षी बोलली नाही, दुसऱ्या वर्षी तिनंच हाताखाली घेतलं. सासूबाईंशी तुम्ही नका बोलू, नवऱ्याला बोलू द्या. आई त्याची आहे.

सिस्टर_मराठवाडा:
नवऱ्याला हे सगळं वाचायला दिलं. आज रात्री आईंशी बोलतो म्हणाला. पीएनसी वॉर्डातली (बाळंतिणींचा वॉर्ड) एक सिस्टर बदलायला तयार आहे, पण तिला एसएनसीयूचं ट्रेनिंग नाही. त्यामुळे आमच्याच युनिटमधल्या सिस्टरला विचारते. ती नाही म्हणाली तर 8 ला मी ड्युटीवर असेन.