मदत हवी आहे: बाबांचा लॅपटॉप लिनक्सवर न्यायचाय, जुन्या मराठी फाइलींचं काय करू?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. घरचा लॅपटॉप 2015 चा, रॅम 4 जीबी. विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय यात नाही. धडधाकट यंत्र भंगारात द्यायला मन होत नाही. म्हणून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता, दोन दिवस वापरली. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं लागलं.

अडलंय ते बाबांच्या कामापाशी. भजनी मंडळाच्या पत्रिका आणि अभंगांची टिपणं ते कित्येक वर्षं टाइप करताहेत, तीही युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाही, जुन्या फॉन्टात. लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) फाइल उघडली तर ‘विठ्ठल’च्या जागी रोमन अक्षरं आणि कंस! बाबा चष्मा पुसून परत परत बघत होते. तो फॉन्ट टाकल्यावर अक्षरं दिसली, पण ‘ज्ञानोबा’ शोधलं तर एकही ओळ सापडत नाही.

अशा तीनशेक फाइली एकदम युनिकोडमध्ये कशा आणायच्या? ठळक अक्षरं, ओळींची मांडणी टिकेल का? बाबांची बोटं मराठी टाइपरायटरवर बसलेली आहेत. आयबसमध्ये (लिनक्सवर टायपिंगची भाषा-कीबोर्ड निवडायची सोय) त्याच्या जवळचा कीबोर्ड कोणता? सत्तरीत त्यांना नव्याने शिकायला लावायचं नाहीये. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आहे. हे जमेपर्यंत विंडोज पुसत नाही.